कार्ड नंतर निवडा, आधी रीडर काय वाचतो ते विचारा

हाउसिंग सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत 'ॲक्सेस कंट्रोल'चा, म्हणजे कार्ड दाखवून दार उघडायच्या यंत्रणेचा, ठराव पास झाला की काही दिवसांत कमिटीच्या टेबलावर तीन कोटेशनं येऊन पडतात. तिन्हींत एक ओळ सारखी असते: 'आरएफआयडी कार्ड / की फॉब, ५०० नग'. दरांत मात्र जमीन-अस्मानाचा फरक. कमिटी साहजिकच खालच्या दराकडे बघते, आणि घोळ तिथेच होतो. कारण या एका ओळीत तीन अगदी वेगळ्या वस्तू लपलेल्या असू शकतात. दिसायला सगळ्या सारख्या, पांढरं कार्ड नाहीतर किल्लीच्या जुडग्यात अडकवायचा निळा थेंब. (आरएफआयडी म्हणजे रेडिओ लहरींनी ओळख पटवणं. 'फॉब' हा शब्द कोटेशनपुरता. बोलताना सगळे टॅगच म्हणतात, म्हणून इथेही टॅग.)

पहिला प्रकार १२५ किलोहर्ट्झचा. कोटेशनमध्ये याला 'ईएम कार्ड' किंवा 'प्रॉक्सिमिटी कार्ड' लिहितात. ईएम हे नाव स्वित्झर्लंडमधल्या ईएम मायक्रोइलेक्ट्रॉनिक या चिप कंपनीवरून आलं. त्याच कोटेशनमध्ये दोन ओळी खाली 'ईएम लॉक' असतं, ते इलेक्ट्रोमॅग्नेटिक, म्हणजे दाराच्या वर बसणारं चुंबक. दोघांचा एकमेकांशी काही संबंध नाही. 'ईएम लॉक आहे म्हणून ईएम कार्डच लागेल' असं कोणी सांगितलं तर हसून सोडून द्या.

या टॅगमध्ये ईएम ४१०० जातीची चिप असते. तिला काम एकच येतं. रीडरच्या, म्हणजे दाराशी बसवलेल्या कार्ड वाचणाऱ्या डबीच्या, जवळ आली की ४० बिटांचा एक आकडा घडाघडा म्हणून दाखवायचा. समोर कोण विचारतंय याची चौकशी ती करत नाही, आकडा लपवत नाही, बदलतही नाही. त्यामुळे कोपऱ्यावरचा चावीवाला हातातल्या छोट्या मशीनने असा टॅग वाचतो आणि टी ५५७७ चिपच्या कोऱ्या टॅगवर काही सेकंदांत उतरवून देतो. साध्या किल्लीला कानस तरी मारावी लागते.

पण त्याहून वाईट गोष्ट टॅगवर छापलेली असते. समजा टॅगवर ०००६५४३२१० आणि शेजारी ०९९,५५१४६ असे दोन आकडे आहेत. हे दोन आकडे नाहीत, एकच आहे. ९९ ला ६५,५३६ ने गुणून त्यात ५५,१४६ मिळवा, ६५,४३,२१० येतात. बहुतेक सोसायट्यांतले रीडर कंट्रोलरला (दार उघडायचं की नाही ते ठरवणाऱ्या डबीला) २६ बिटांच्या वीगँड स्वरूपात, म्हणजे तारांवरून आकडा पाठवायच्या जुन्या पद्धतीने, आकडा पाठवतात, आणि त्यात चिपच्या ४० बिटांपैकी २४ च असतात. म्हणजे दार उघडायला लागणारी सगळी माहिती प्लास्टिकवर उघड छापलेली आहे. टॅग हातात यायचीही गरज नाही, फोटो पुरतो. 'बी विंगच्या लिफ्टजवळ हा टॅग सापडला, कोणाचा आहे?' म्हणून सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फोटो टाकणं म्हणजे किल्लीचा साचा वाटणं. ऑर्डर देताना टॅगवर चिपचा आकडा छापू नका, त्याऐवजी १ ते ५०० असा सोसायटीचा स्वतःचा अनुक्रमांक टाका, असं लेखी सांगता येतं. नोंदवही अनुक्रमांकावर चालते, चिपचा आकडा सॉफ्टवेअरमध्ये राहतो.

दुसरा प्रकार १३.५६ मेगाहर्ट्झचा, आणि इथे 'स्मार्ट कार्ड' हा शब्द सुरू होतो. यातलं सर्वांत खपणारं कार्ड मायफेअर क्लासिक १ के. यात १६ कप्पे, प्रत्येक कप्प्यात ४ ब्लॉक, प्रत्येक ब्लॉक १६ बाइटचा, आणि प्रत्येक कप्प्याला ४८ बिटांच्या किल्ल्या, म्हणजे गुप्त आकडे. कागदावर छान. पण या कार्डाची क्रिप्टो-१ नावाची सांकेतिक पद्धत डिसेंबर २००७ मध्ये बर्लिनच्या एका परिषदेत उघडी पडली. पुढच्या वर्षी नेदरलँड्सच्या रॅडबाउड विद्यापीठातल्या संशोधकांनी ती पूर्ण मोडून दाखवली. चिप बनवणारी एनएक्सपी कंपनी त्यांचा निबंध थांबवायला कोर्टात गेली आणि जुलै २००८ मध्ये हरली. शिवाय बाजारात 'मायफेअर' म्हणून मिळणारी बरीच कार्डं एनएक्सपीची नसतात, फुदानसारख्या कंपन्यांच्या सुसंगत चिपची असतात. फुदानच्या एका चिपमध्ये सगळ्या कार्डांना लागू पडणारी छुपी किल्ली असल्याचं २०२४ मध्ये बाहेर आलं.

तिसरा प्रकार, फ्रिक्वेन्सी तीच पण आतला मेंदू वेगळा: मायफेअर डेसफायर, ईव्ही २ किंवा ईव्ही ३. इथे कार्ड आणि रीडर दोघेही एकमेकांची परीक्षा घेतात. १२८ बिटांची एईएस (ही मजबूत मानली जाणारी सांकेतिक पद्धत) किल्ली दोघांकडे असते, पण ती हवेतून कधीच जात नाही. दर वेळी नवा प्रश्न, नवं उत्तर. ऐकून साठवलेलं उत्तर पुढच्या वेळी कामाचं नाही. चावीवाल्याच्या मशीनला याची नक्कल करता येत नाही. किंमत ईएम टॅगच्या कितीतरी पट. मेमरी २ के, ४ के, ८ के अशी मिळते. दार उघडायला २ के भरपूर झाली, ८ केचे पैसे देऊ नका.

आता खरी मेख. प्रत्येक १३.५६ च्या कार्डाला एक युआयडी असतो, म्हणजे कारखान्यातून आलेला ओळखक्रमांक. तो गुप्त नसतो, कोणत्याही रीडरने विचारला की कार्ड सांगतं. बरेच रीडर एवढाच युआयडी वाचतात आणि कंट्रोलरला देतात. कप्पे, किल्ल्या, एईएस यांतलं काहीही वापरलं जात नाही. अशा रीडरसमोर डेसफायर धरलं काय आणि सगळ्यांत स्वस्त कार्ड धरलं काय, दोन्ही सारखीच. युआयडी बदलता येणारी कोरी कार्डं सहज विकत मिळतात. मोठ्या रकमेची कार्डं घेऊन ती युआयडीवर चालवणं म्हणजे सेफ्टी डोअरला सात लिव्हरचं कुलूप लावून किल्ली पायपुसण्याखाली ठेवणं.

हे ओळखायची चाचणी अगदी सोपी आहे. डेमोच्या वेळी खिशातलं मेट्रोचं किंवा बँकेचं टॅप करायचं कार्ड रीडरसमोर धरा. सॉफ्टवेअरमध्ये 'अनोळखी कार्ड' म्हणून एखादा आकडा उमटला, तर रीडर युआयडी वाचतोय. किल्लीवर चालणाऱ्या रीडरने परक्या कार्डाचा आकडा पुढे पाठवायलाच नको. दुसरी चाचणी, नमुन्याचा टॅग चावीवाल्याकडे नेऊन नक्कल करून मागा. नक्कल झाली आणि तिने दार उघडलं, तर कोटेशनमधला 'हाय सिक्युरिटी' हा शब्द खोडून मग दराची घासाघीस करा.

डेसफायर घेतलंत तर आणखी एक प्रश्न लगेच विचारावा लागतो: किल्ल्या कोणाच्या? नव्या कार्डातली किल्ली कारखान्यात सगळी शून्यं असते. ती बदलून सोसायटीची स्वतःची घालायची असते. व्हेंडरने स्वतःची घातली आणि ती दिली नाही, तर पुढचं प्रत्येक कार्ड त्याच्याकडूनच, त्याच्या दराने. एएमसी (देखभालीचा वार्षिक करार) मोडली की कार्डं आणि रीडर दोन्ही भंगारात. वर्क ऑर्डरमध्येच लिहा की मास्टर की सोसायटीची, ती दोन बंद पाकिटांत दोन पदाधिकाऱ्यांकडे राहील आणि नव्या कमिटीला चार्ज देताना कागदपत्रांच्या यादीत ती असेल. प्रत्येक कार्डाची किल्ली त्याच्या युआयडीवरून वेगळी काढली जाते का, हेही विचारा. सगळ्या कार्डांत एकच किल्ली असेल तर एका कार्डाची किल्ली फुटली की सगळ्यांची फुटली.

मग सगळ्यांनी डेसफायरच घ्यावं का? नाही. १२-१६ बिऱ्हाडांची इमारत, सगळे एकमेकांना तोंडओळखीने ओळखतात, खाली वॉचमन बसतो, तिथे ईएम टॅग चालतील. फक्त हरवलेला टॅग त्याच दिवशी बंद करायची शिस्त हवी. क्लब हाऊस, जिम, गच्चीचं दार यांनाही तेच. १०० च्या वर फ्लॅट, रात्री लॉबीत माणूस नाही, बेसमेंटमधून थेट लिफ्ट, तिथे निदान बाहेरच्या दारांना डेसफायर लावा. मधल्या मायफेअर क्लासिकला युआयडीवर चालवण्यात ईएमपेक्षा फारसा फायदा नाही. एकच अपवाद: घेतलेले रीडर पुढे सेटिंग बदलून डेसफायर वाचू शकत असतील, तर आज क्लासिक आणि दोन वर्षांनी डेसफायर असा हिशेब बसतो.

जुनी यंत्रणा हातात आली असेल तर कार्ड कुठलं ते आधी ओळखा. एनएफसी असलेल्या अँड्रॉइड फोनच्या पाठीला टॅग लावा. फोनने दाद दिली तर १३.५६, नाही दिली तर बहुधा १२५. एनएक्सपीचं टॅगइन्फो ॲप चिपचं नावही सांगतं. कार्ड पातळ असेल तर अंधारात मोबाइलच्या टॉर्चवर धरून बघा: मध्ये केसासारख्या बारीक तारेची गोल गुंडाळी दिसली तर सहसा १२५, कडेने चार-पाच वेढ्यांची चौकट दिसली तर १३.५६. त्या चौकटीमुळेच एक सूचना: लेस अडकवायला कार्डाला घरच्या पंचने भोक पाडू नका. अँटेना तिथूनच जाते आणि कार्ड जागीच मरतं. भोक हवं असेल तर आधीच पाडलेली कार्डं मागवा.

आकड्यांचे घोटाळे

तक्रारींपैकी मोठा हिस्सा कार्ड बिघडल्याचा नसतो, आकडा वेगळा वाचल्याचा असतो. लॉबीचा रीडर जळाला, तंत्रज्ञाने हाताशी होता तो बसवला, आणि सकाळी दूध आणायला गेलेले सगळे दाराबाहेर. कारण जुना रीडर ३४ बिट पाठवत होता, नवा २६ पाठवतो. ३२ बिटांच्या आकड्यातले ८ बिट गळाले की कंट्रोलरच्या लेखी ते दुसरंच कार्ड.

दुसरा प्रकार बाइटच्या क्रमाचा. युआयडी १ए २बी ३सी ४डी असेल, तर एक रीडर तो सरळ वाचून ४३९०४११०१ म्हणतो. दुसरा उलटा वाचून १२९५७८८८२६ म्हणतो. कार्ड एक, आकडे दोन. म्हणून टेबलावरच्या यूएसबी रीडरने नोंदवलेलं कार्ड दारावर चालत नाही. रीडर बदलताना मॉडेल नंबरच्या बरोबरीने 'किती बिट, कोणता क्रम' हे यंत्रणेच्या फाइलमध्ये लिहून ठेवा. बहुतेक रीडरमध्ये हे सेटिंग बदलता येतं, फक्त काय होतं ते कोणाला तरी माहीत असावं लागतं.

ऑफिस इमारतींत दिसणाऱ्या एचआयडी प्रॉक्स कार्डांचं २६ बिटांचं रूपही ध्यानात ठेवा. त्यात इमारतीचा कोड ० ते २५५ आणि कार्ड क्रमांक ० ते ६५,५३५. एवढ्या छोट्या मोजपट्टीत तेच आकडे जगात अनेक ठिकाणी पुन्हा पुन्हा निघतात. नवी कार्डं मागवताना आपला कोड आणि शेवटचा वापरलेला क्रमांक कळवला नाही, तर जुन्याच आकड्यांची दुसरी पेटी येऊ शकते.

कार्ड की टॅग

घरच्या लोकांना टॅग, रोज येणाऱ्यांना कार्ड. हे वाटप बहुतेक ठिकाणी बरं चालतं. मावशी, ड्रायव्हर, हाउसकीपिंगच्या मुलांचं फोटो असलेलं कार्ड गळ्यात राहतं आणि वॉचमनला चेहरा जुळवता येतो. प्रिंटरमधून साधारण ०.७६ मिलिमीटरचं पातळ पीव्हीसी कार्ड जातं. जाड, दोन शिंपले चिकटवल्यासारखं कार्ड छापता येत नाही, त्यावर स्टिकरच लावावा लागतो. पातळ कार्ड मागच्या खिशात ठेवून बसलं की वाकतं, आणि चिप व अँटेनाचा सांधा सुटतो. 'दाबून धरलं की चालतं' ही तक्रार याच सांध्याची. उन्हात गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवलेलं कार्ड पापडासारखं वळतं.

टॅगमध्ये चिप सहसा टिकते, प्लास्टिक टिकत नाही. स्कूटरच्या किल्लीला लटकून दिवसभर हँडलखाली आपटत राहिलेल्या स्वस्त टॅगचं कडीचं भोक आधी तुटतं, मग जोड उकलतो. नमुना हातात घेऊन नखाने जोड उचकटून बघा, कडीच्या भोकाभोवती प्लास्टिक किती जाड आहे ते बघा. टॅगची अँटेना लहान असल्यामुळे अंतरही कमी मिळतं: कार्ड ५ ते १० सेंटिमीटरवरून वाचलं जातं तिथे टॅग जवळपास टेकवावा लागतो. जुडग्यात पितळी किल्ल्या मध्ये आल्या तर तेवढंही नाही.

पाकिटातल्या पाकिटातून कार्ड दाखवायची सवय असेल तर फ्रिक्वेन्सीचा एक मजेशीर परिणाम होतो. सोसायटीचं कार्ड १३.५६ चं आणि शेजारी मेट्रोचं व बँकेचं, तर रीडर तिघांतलं कोणतंही एक उचलतो, बहुतेकदा चुकीचं. सोसायटीचं कार्ड १२५ चं असेल तर बँकेच्या कार्डाशी भांडण नाही, पण दोन ईएम कार्डं एकत्र धरली तर दोन्ही एकाच वेळी बोलतात आणि रीडरला काहीच कळत नाही. 'माझ्या फोनमध्ये एनएफसी आहे, तोच नोंदवा' असा आग्रहही होतो. अँड्रॉइड फोन दर वेळी सहसा नवा, यादृच्छिक युआयडी देतो, त्यामुळे आज नोंदवलेला फोन उद्या अनोळखी ठरतो. फोन चालवायचा असेल तर त्यासाठीचं ॲप आणि ते ओळखणारा रीडर लागतो. फोनच्या पाठीला चिकटवायचा स्टिकर टॅग घ्यायचा असेल तर धातूवर चालणारा, म्हणजे मागे फेराइटचा थर असलेला घ्या.

धातूचा त्रास रीडरलाही होतो. स्टेनलेस स्टीलच्या गेटवर थेट स्क्रू मारलेला रीडर अर्ध्या अंतरावर येतो आणि दोष कार्डांना जातो. मध्ये १०-१५ मिलिमीटर जाडीची ॲक्रिलिक किंवा लाकडाची पट्टी घाला. आत जायचा आणि बाहेर यायचा असे दोन रीडर एकाच भिंतीच्या दोन बाजूंना पाठीला पाठ लावून बसवू नका, हातभर तरी सरकवा.

किती घ्यायचे? १२० फ्लॅट धरा. फ्लॅटमागे ३ म्हणजे ३६०. रोज येणारे ६०, सोसायटीचा स्टाफ २०. झाले ४४०. त्यावर १० टक्के शिल्लक, म्हणजे ४८४. म्हणून ५००. शिल्लक नग पहिल्याच ऑर्डरमध्ये घ्या. नंतर पंचवीस-तीस नग मागवले की चिप बदललेली असू शकते. टॅगवर सोसायटीचं नाव किंवा फ्लॅट नंबर छापू नका, ज्याला सापडेल त्याला पत्ता कशाला द्यायचा?

भाडेकरूचा टॅग नोंदवताना सॉफ्टवेअरमध्ये मुदत घाला. लिव्ह अँड लायसन्स करार ११ महिन्यांचा असेल तर टॅगही ११ महिन्यांचा. करार वाढला की मुदत वाढवा. घर सोडून गेलेल्यांचे चालू टॅग हे कुठल्याही क्लोनिंगपेक्षा मोठं भोक आहे, आणि ते बुजवायला एक रुपयाही लागत नाही. मावशींच्या कार्डाला सकाळ-संध्याकाळच्या वेळा लावता येतात. तेव्हा संध्याकाळी एक तास सैल ठेवा, नाहीतर पाहुणे आलेल्या दिवशी उशीर झाला की दार अडवतं आणि वॉचमन आपलं कार्ड दाखवून सगळ्यांना सोडू लागतो.

छोट्या इमारतीत कीपॅड, रीडर आणि कंट्रोलर एकाच डबीत असलेलं मशीन बसवतात. त्यात टॅग घालताना प्रत्येकाला युजर क्रमांक देऊन घाला आणि तो वहीत लिहा. एकामागून एक टॅग दाखवत भराभर नोंदवले, तर पुढे हरवलेला टॅग काढताना तो हातात नसतो आणि क्रमांक माहीत नसतो. मग सगळी मेमरी पुसून सगळ्यांना पुन्हा बोलवावं लागतं. अशा मशीनचा रिले (कुलूप उघडणारा स्विच) त्या डबीतच, म्हणजे दाराच्या बाहेर असतो. डबी उचकटून दोन तारा जोडल्या की कार्डाशिवाय दार उघडतं. कंट्रोलर आत, बाहेर फक्त रीडर, ही मांडणी थोडी महाग पडते पण तीच घ्या. मोठ्या सोसायटीत बाहेरच्या गेटसाठी वीगँडऐवजी ओएसडीपी (आकडा सांकेतिक करून पाठवू शकणारी नवी पद्धत) बोलणारा रीडर मागा. वीगँडच्या तारांतून आकडा उघडाच जातो.

गाड्यांच्या बूम बॅरियरचं प्रकरण वेगळं. तिथे यूएचएफ, म्हणजे लांबून वाचता येणारा, स्टिकर लागतो, आणि फास्टॅगही त्याच जातीचा असल्यामुळे बरेच रीडर तोच वाचून नोंदवू शकतात. वेगळा स्टिकर लावलाच तर फास्टॅगपासून लांब लावा. काही गाड्यांच्या काचेत उष्णता अडवणारा धातूचा थर असतो. तिथे आरशाजवळच्या ठिपक्यांच्या पट्ट्यातच स्टिकर चालतो.

जुन्या ईएमवरून डेसफायरकडे जाताना एका दिवसात ५०० टॅग बदलत नाहीत. दोन्ही वाचणारे रीडर आधी बसवा, मग विंगनिहाय टॅग बदलत जा. रविवारी सकाळी ऑफिसमध्ये, जुना परत घेऊन नवा द्या. परदेशात असलेले, कुलूपबंद फ्लॅटवाले यांची यादी वेगळी काढा, तीच शेवटपर्यंत रेंगाळते. तारीख जाहीर करा आणि त्या तारखेला रीडरमधलं १२५ चं वाचन सेटिंगमधून बंद करून घ्या. बंद झालं का हे तंत्रज्ञाच्या शब्दावर सोडू नका. परत आलेल्या जुन्या टॅगांतला एक घ्या आणि प्रत्येक दारासमोर धरा, बेसमेंट आणि गच्चीसकट. एकही रीडर वाजता कामा नये. वाजला, तर बिलातला शेवटचा हप्ता राखून ठेवा.